एचएमओ लायसन्स (इंग्लंड): फायर डोअर कुठे, कोणती आणि कशी बसवायची?

तिसरा_मजला

इंग्लंडमधल्या एचएमओच्या, म्हणजे वेगवेगळ्या कुटुंबांतली माणसं स्वयंपाकघर-बाथरूम सामायिक वापरून राहतात त्या भाड्याच्या घराच्या, लायसन्सवर मराठीत एका जागी फारसं काही सापडत नाही, म्हणून हा धागा. घर व्हिक्टोरियन टेरेस आहे: तळमजला, पहिला मजला आणि लॉफ्ट बांधून झालेला दुसरा. पाच भाडेकरू, पाच खोल्या, प्रत्येकीला कुलूप. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली सामायिक. जिन्याखाली कपाट आहे, त्यात मीटर आणि फ्यूजबोर्ड.

कौन्सिलच्या यादीत एकच ओळ आहे: जिन्याच्या वाटेवर उघडणाऱ्या सर्व जोखमीच्या खोल्यांना एफडी३०एस दारं (३० मिनिटं आग आणि सोबत धूरही अडवणारी), सेल्फ-क्लोजरसह (दार आपोआप बंद करणारं साधन). त्यावर तीन सुतारांनी तीन प्रकारे दर दिले. पहिला म्हणतो, जुन्या चौकटीत नुसती नवी फळी टांगू. दुसरा चौकट ठेवून तिच्यात पट्ट्या बसवणार. तिसरा चौकटीसकट सगळं नवीन म्हणतो, आणि त्याचा दर पहिल्याच्या दुपटीहून जास्त आहे. लॉफ्टच्या कामाला बिल्डिंग कंट्रोलचं (बांधकाम नियमांची तपासणी करणाऱ्यांचं) कम्प्लिशन सर्टिफिकेट आहे, मग ती वरची दारंही बदलायची का? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

लालबादली

आधी कोणती दारं ते ठरवू, मग दर.

एकापेक्षा जास्त कुटुंबांतली मिळून पाच किंवा अधिक माणसं राहत असतील आणि स्वयंपाकघर, बाथरूम किंवा संडास सामायिक असेल, तर १ ऑक्टोबर २०१८ पासून इंग्लंडमध्ये घर किती मजली आहे हे न पाहता लायसन्स सक्तीचं आहे. त्याआधी तीन मजल्यांची अट होती. तीन-चार माणसांच्या घराला लायसन्स लागतं की नाही, हे त्या त्या कौन्सिलच्या अतिरिक्त लायसन्स योजनेवर ठरतं.

हाउसिंग ॲक्ट २००४ मध्ये "एफडी३०एस बसवा" असं वाक्य शोधू नका, ते नाही. कौन्सिलचे अधिकारी टेकू घेतात तो २००८ च्या लॅकॉर्स (कौन्सिलांची समन्वय संस्था) मार्गदर्शिकेचा. ती जोखमीप्रमाणे उपाय सुचवते आणि बहुतेक कौन्सिलांनी तिच्यावरून आपापली मानकं केली आहेत. म्हणून शेजारच्या बरोमध्ये जे चाललं ते तुमच्याकडे चालेलच असं नाही. मात्र लायसन्सच्या अटीत एकदा लिहून आलं की ते तुमच्यासाठी बंधनकारक. बदल हवा असेल तर काम सुरू करण्याआधी लेखी मागा.

जोखमीच्या खोल्या म्हणजे झोपायच्या खोल्या, बैठक आणि स्वयंपाकघर. बाथरूम आणि संडास त्यात येत नाहीत, फक्त तिथे बॉयलर किंवा ड्रायर ठेवलेला नसावा. म्हणजे तुमची सात दारं झाली. जिन्याखालचं कपाट आठवं, त्याचा विषय वेगळा आहे. घराचं मुख्य दार सहसा फायर डोअर असावं लागत नाही. ते आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे, ही अट मात्र पक्की.

आता लॉफ्ट. बिल्डिंग कंट्रोलने ते काम एकाच कुटुंबाचं घर समजून तपासलं असणार. तशा घरात जिन्यावरच्या दारांना २० मिनिटांचा टिकाव पुरतो आणि क्लोजर लागत नाही. एचएमओत माणसं एकमेकांच्या वेळा ओळखत नाहीत, कोणी रात्री दोनला स्वयंपाक करतं, कोणी दार बंद करून हेडफोन लावून झोपतं. म्हणून ३० मिनिटं आणि आपोआप बंद होणारं दार. सर्टिफिकेट खरं आहे, पण ते या प्रश्नाचं उत्तर नाही. वरच्या दारांची जाडी आणि वरच्या कडेवरचं लेबल पाहा. लॉफ्टवाल्याने एफडी३० फळ्याच टांगल्या असतील तर त्या ठेवता येतील.

आणखी एक गोष्ट दारांच्याही आधी तपासा: कुठल्या झोपायच्या खोलीतून बाहेर पडायला स्वयंपाकघरातून किंवा बैठकीतून जावं लागतं का? तसं असेल तर दार कितीही चांगलं बसवून उपयोग नाही. तिथे मांडणी बदलायची, नाहीतर बाहेर पडता येईल अशी खिडकी द्यायची: मोकळी जागा किमान ०.३३ चौरस मीटर, उंची आणि रुंदी दोन्ही किमान ४५० मिमी, तळकड जमिनीपासून ११०० मिमीपेक्षा वर नको. तीही तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावरच धरतात. लॉफ्टमधून खिडकीतून उतरणं हा मार्ग मानत नाहीत.

रंधा

सुतारकामाचं मी लिहितो.

फायर डोअर म्हणजे फळी नव्हे. फळी, चौकट, बिजागऱ्या, (उष्णतेने फुगून फट बंद करणाऱ्या) फुगणाऱ्या पट्ट्या, लॅच, क्लोजर आणि चौकट-भिंतीमधली फट, या सगळ्यांची मिळून चाचणी होते आणि ३० मिनिटं मिळतात. यातला एक घटक चुकला की आग तिथूनच वाट काढते. पहिल्या सुताराचा दर त्यामुळे बाद. जुन्या चौकटीत नुसती फळी टांगली आणि पट्ट्या नाहीत, तर दाराच्या कडेची फट आगीत उघडीच राहते.

फळी: एफडी३० साधारण ४४ मिमी जाड, एफडी६० साधारण ५४. वरच्या कडेवर सर्टिफिकेशनचं लेबल किंवा रंगीत प्लॅस्टिकचा प्लग असतो. तो तासू नका, रंगवू नका. दार किती तासता येतं हे निर्मात्याच्या डेटा शीटवर असतं आणि ते प्रत्येक दाराला वेगळं असतं. काहींना कडेला जेमतेम ३ मिमी चालतात. व्हिक्टोरियन दाराची भोकं कधीच प्रमाण मापाची नसतात, म्हणून माप घेऊन मग फळी निवडायची. १९८१ × ७६२ ची फळी आणून एका बाजूने २० मिमी कापली तर कडेची लाकडी लिपिंगच निघून जाते आणि आतला भुसाबोर्ड उघडा पडतो. अशा दाराचं लेबल शाबूत असलं तरी ते फायर डोअर राहिलेलं नाही.

चौकट: जुनी ठेवता येते, पण लाकूड टणक हवं, काटकोनात हवं, कीड-कुजकेपणा नको, आणि जाडी साधारण ३० मिमी. घरातल्या साध्या दारांची लायनिंग (पातळ चौकट) बऱ्याचदा २२–२५ मिमीच असते, ती धरत नाही. ४४ मिमीच्या दाराला जुनी खाच अपुरी पडते, कारण जुनं दार ३५ मिमीचं असतं. मग स्टॉप (दार ज्यावर टेकतं तो लाकडी काठ) काढून सरकवून पुन्हा ठोकावा लागतो. स्टॉप मूळ लाकडातच कोरलेला असेल तर ते काम वेळखाऊ होतं आणि नवी चौकटच परवडते. जुन्या लोकांच्या डोक्यात अजून २५ मिमी स्टॉपचा नियम आहे. फुगणारी पट्टी असेल तर स्टॉपवर भार राहत नाही, १२ मिमी पुरतो.

फट: दोन्ही बाजूंना आणि वर २ ते ४ मिमी, लक्ष्य ३. एक पौंडाचं नाणं २.८ मिमी जाड असतं. ते सगळीकडे अलगद गेलं पाहिजे आणि दोन नाणी एकत्र कुठेच जाता कामा नयेत. हे दार बंद असताना, बिजागरीच्या बाजूनेही पाहायचं. बहुतेक दारं लॅचच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात नापास होतात, कारण वरची बिजागरी ढिली पडून दार झुकलेलं असतं.

बिजागऱ्या: तीन. दोनवर फायर डोअर टांगू नका, फळी साध्या पोकळ दारापेक्षा कितीतरी जड असते. बीएस ईएन १९३५ ची खूण असलेल्या, स्टीलच्या किंवा ८०० अंश सेल्सिअसच्या वर वितळणाऱ्या धातूच्या. ॲल्युमिनियम नको, ते ६६० अंशांना वितळतं. प्रत्येक भोकात स्क्रू, आणि तोही पाकिटात आलेल्या मापाचा. सर्टिफिकेटमध्ये सांगितलं असेल तर पत्र्याखाली १ मिमीचा फुगणारा पॅड.

पट्टी: एफडी३० ला सहसा १५ × ४ मिमी, दोन्ही उभ्या कडांना आणि वरच्या कडेला. खाली नाही. खाच राउटरने, एका फेरीत, सरळ. पटाशीने कोरलेली खाच उंचसखल होते, पट्टी बाहेर येते आणि दार घासून ती उपटतं. नुसती फुगणारी पट्टी असेल तर एफडी३०, तिच्यावर ब्रश किंवा रबराची पाती असेल तर एफडी३०एस.

भिंत आणि चौकट: इथे सगळ्यात जास्त लबाडी होते, कारण आर्किट्रेव्ह (चौकटीभोवतीची शोभेची लाकडी पट्टी) ठोकला की काही दिसत नाही. पिवळा विस्तारणारा फोम भरून वर पट्टी मारलेली असते. १० मिमीपर्यंतची फट असेल तर दोन्ही बाजूंनी फुगणारं ॲक्रिलिक सीलंट, त्याच्या डेटा शीटवर दिलं असेल तितकं खोल. त्याहून मोठी फट असेल तर आत घट्ट दाबून मिनरल वूल आणि मग सीलंट. गुलाबी फोमच्या डब्यावर "फायर" लिहिलेलं असतं, पण त्याची चाचणी कोणत्या भिंतीत आणि किती रुंद फटीसाठी झाली ते वाचा. लाकडी दाराच्या चौकटीसाठी चाचणी नसेल तर तो वापरू नका.

क्रॉयडनकर

रंधाभाऊ, एक शंका. कौन्सिलचा माणूस आर्किट्रेव्ह काढून पाहत नाही. मग आतलं काम दाखवायचं कसं?

रंधा

फोटोने. प्रत्येक दाराचे काम चालू असतानाच फोटो घ्यायचे: वरच्या कडेचं लेबल, बिजागरीखालचा पॅड, कुलपाच्या खाचेतलं अस्तर, आर्किट्रेव्ह लागण्याआधी भिंतीची फट. प्रत्येक फोटोत खोलीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी दिसली पाहिजे. सुताराशी बोलणी करतानाच हे दरात धरून घ्या, नंतर कोणी आर्किट्रेव्ह उचकटत बसत नाही. बसवणारा फिरास किंवा बीएम ट्राडा क्यू-मार्क या प्रमाणपत्र योजनांच्या यादीवरचा असेल तर कागद आपसूक मिळतात. तसा माणूस महाग पडतो. सात दारांना मला तो खर्च योग्य वाटतो, दोन दारांना चांगला सुतार आणि फोटो पुरतात.

वायरिंगताई

दाराच्या धाग्यात अलार्मबद्दल लिहिते, कारण "एस" चा प्रश्न दोन्हीकडे आहे.

स्मोक सील गार धूर अडवतो. म्हणजे आगीच्या सुरुवातीचा, पट्टी फुगायच्या आधीचा. पट्टी फुगायला साधारण २०० अंश लागतात, तोवर धूर फटीतून जिन्यात भरून जातो आणि माणसं धुरानेच दगावतात. एवढं ऐकल्यावर सगळीकडे सील लावावेसे वाटतात. पण खोलीत डिटेक्टर नाही आणि एकच डिटेक्टर बाहेर लँडिंगवर आहे, अशा घरात सील लावलं तर धूर लँडिंगपर्यंत उशिरा पोचतो आणि अलार्म उशिरा वाजतो. म्हणूनच एकोप्याने राहणाऱ्या गटाच्या शेअर्ड हाउसला, जिथे खोल्यांत डिटेक्टर नसतो, लॅकॉर्समध्ये स्मोक सीलविना एफडी३० दिलेलं आहे. स्वतंत्र कुलपांच्या, बेडसिट (एकेक खोली स्वतंत्र भाड्याने) धर्तीच्या घरांना एफडी३०एस, आणि तिथे खोल्यांतही डिटेक्शन.

तिसरा_मजला, तुमच्या यादीत एफडी३०एस आहे म्हणजे प्रत्येक झोपायच्या खोलीत एकमेकांशी जोडलेला डिटेक्टर आहे का ते पाहा. नसेल तर दारांसोबतच तो करून घ्या. स्वयंपाकघरात हीट अलार्म, स्मोक नव्हे. सगळे मेनवर चालणारे, बॅटरीचा आधार असलेले. यंत्रणेची ग्रेड कौन्सिलच्या पत्रात असते, ती पाहूनच माल घ्या. तीन मजली बेडसिट घरांना बऱ्याच ठिकाणी मध्यवर्ती पॅनेलवाली ग्रेड ए यंत्रणा मागतात आणि तिचा खर्च दारांच्या बरोबरीने जातो.

लालबादली

वायरिंगताईंचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि कामाच्या याद्यांमध्ये तो सर्रास सुटतो. दारं आणि अलार्म एकाच वेळी ठरवा.

तिसरा_मजला

मनापासून आभार. खोल्यांत डिटेक्टर नाहीत, म्हणजे तेही यादीत आलं. आता क्लोजर आणि कुलूप. सध्या खोल्यांना येल प्रकारची नाइट लॅच आहे. आणि एका सुताराने चौकटीत लपणारे साखळीचे क्लोजर सुचवलेत, दिसायला चांगले म्हणून.

रंधा

साखळीचे नकोत. एका साखळीचा छोटा क्लोजर ४४ मिमीच्या फळीला लॅचपर्यंत खात्रीने ओढत नाही, आणि ओढला तरी दणकन आपटतो. उघडताना दार वर उचलणाऱ्या बिजागऱ्याही नकोत. कौन्सिला हे दोन्ही सर्रास नाकारतात. दाराच्या वरच्या भागाला लागणारा, धातूच्या हाताचा (ओव्हरहेड) क्लोजर घ्या, बीएस ईएन ११५४, फायर डोअरसाठी पॉवर साइझ किमान ३. ३ हा ९५० मिमी रुंदी आणि ६० किलोपर्यंतच्या दारासाठी असतो. २ ते ४ बदलता येणारा मिळतो, तो सोयीचा.

बसवताना सोबतचा कागदी साचा दारावर चिकटवूनच भोकं पाडा. अंदाजाने पाडली की हाताचा कोन चुकतो आणि शेवटच्या ओढीत जोर राहत नाही. मग दोन स्क्रू, म्हणजे क्लोजरच्या तेलाच्या झडपा. एक झडप दार उघडलेलं असताना बंद होण्याचा वेग ठरवते, दुसरी शेवटच्या थोड्या अंतराचा, ज्यात लॅच बसते. पाव फेरीपेक्षा जास्त एका वेळी फिरवू नका. झडप पूर्ण बाहेर काढली की तेल सांडतं आणि क्लोजर गेला. तपासणी अशी: दार पूर्ण उघडून सोडा, अर्ध्यावरून सोडा, आणि मग जेमतेम हाताच्या बोटांएवढं उघडून सोडा. तिन्ही वेळा लॅच आत जाऊन खट्कन बसली पाहिजे. तिसऱ्या तपासणीतच दारं अडकतात. तेव्हा लोक क्लोजरचा जोर वाढवत बसतात, पण दोष बहुधा ब्रशच्या नव्या सीलचा, नाहीतर चौकटीतल्या पत्र्याचा असतो, लॅच त्याच्या कडेला टेकते. पत्रा मिलिमीटरभर सरकवा. जोर वाढवला की भाडेकरूला दार उघडणं जड जातं आणि आठवड्यात कोणीतरी हात काढून ठेवतो.

खिडकी उघडी असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळा तपासा. बंद खोलीत हवेची उशी दाराला शेवटी अडवते.

क्रॉयडनकर

नाइट लॅचचा त्रास वेगळाच आहे. क्लोजर लागला की दार आपोआप बंद होतं आणि नाइट लॅच आपोआप कुलूप लावते. भाडेकरू बाथरूमला जातो, किल्ली आत, आणि तो बाहेर. हे दोनदा झालं की तो दाराखाली पाचर मारतो. पाचर मारलेलं फायर डोअर उघड्या भोकासारखंच. त्यामुळे नाइट लॅच काढा. मॉर्टिस सॅशलॉक (फळीच्या आत बसणारं, लॅच आणि कुलूप दोन्ही असलेलं), बाहेरून किल्ली आणि आतून थम्ब टर्नचा (बोटांनी फिरवायच्या मुठीचा) युरो सिलिंडर. लॅचने दार बंद राहतं, कुलूप ज्याने त्याने हवं तेव्हा लावावं. आतून बाहेर यायला किल्ली लागता कामा नये. आणि बाहेरून कडी-कोयंडा आणि टाळं, हे कुठल्याही दाराला नको, माणूस आत कोंडला जाऊ शकतो.

रंधा

+१. कुलपाच्या पेटीसाठी फळी पोखरावी लागते, म्हणून खाचेला फुगणारं अस्तर हवं आणि पेटीचं माप दाराच्या डेटा शीटवरच्या मर्यादेत हवं. नाइट लॅचचं जुनं मोठं भोक साध्या फिलरने बुजवू नका, त्याच घनतेच्या लाकडाचा तुकडा चिकटवून बसवा. नवी दारं येणार असतील तर हा प्रश्न फक्त वाचवलेल्या लॉफ्टच्या दारांचा.

आई_पुण्याहून

इथे घरमालकच लिहितात, पण विचारते. मुलगा शिकायला तिकडे अशाच घरात राहतो, सहा मुलं आहेत. फोटोत त्याच्या खोलीच्या दारावर एक धातूचा हात लोंबकळताना दिसतो आणि दाराखाली लाकडी तुकडा आहे. त्याने काय बघावं, कोणाला सांगावं?

लालबादली

ताई, विचारलंत हे चांगलं केलंत. तो लोंबता हात क्लोजरचा आहे, कोणीतरी चौकटीपासून सोडवला आहे. त्याला सांगा, पाचर आजच काढ, आणि रात्री झोपताना दार बंदच ठेव. दार बंद करून सोडल्यावर लॅच बसते का ते पाहायचं. खोलीतून आणि घराच्या मुख्य दारातून किल्लीशिवाय बाहेर पडता येतं का ते पाहायचं. छतावरच्या डिटेक्टरचं चाचणीचं बटण दाबल्यावर सगळ्या घरातले एकदम वाजतात का, तेही. फोटोसह घरमालकाला किंवा एजंटला ईमेल करायची, म्हणजे तारीख राहते. दुरुस्ती झाली नाही तर त्या कौन्सिलच्या प्रायव्हेट सेक्टर हाउसिंग विभागाला कळवायचं. सहा भाडेकरू आहेत म्हणजे लायसन्स असायलाच हवं, आणि लायसन्स दिलेल्या घरांची नोंदवही कौन्सिलकडे सगळ्यांसाठी खुली असते.

वाटा मोकळ्या आणि दारं चालू स्थितीत ठेवणं हे २००६ च्या एचएमओ व्यवस्थापन नियमांनुसार मॅनेजरचं काम आहे. राहणाऱ्यांनी ती मोडायची नाहीत हेही त्याच नियमांत आहे.

आई_पुण्याहून

खूप आभार. लगेच कळवते त्याला.

तिसरा_मजला

पाचरीवरून आठवलं: स्वयंपाकघराचं दार दिवसभर उघडं ठेवायची सवय असते, हातात ताटं असतात, जाणं-येणं सतत. तिथे क्लोजर लावला की पाचर येणारच. उपाय?

वायरिंगताई

दोन प्रकारची साधनं आहेत. एक बॅटरीवरचं, दाराला बसतं, अलार्मचा आवाज ऐकून पाय उचलतं आणि क्लोजर दार बंद करतो. दुसरं अलार्मच्या यंत्रणेला तारेने जोडलेलं, वीज गेली किंवा अलार्म वाजला की सोडणारं. तारेचं जास्त विश्वासाचं, कारण बॅटरीवाल्याला आवाज नीट ऐकू आला पाहिजे आणि बॅटरी कोणीतरी बदलली पाहिजे. स्वयंपाकघर ही घरातली सगळ्यात जोखमीची खोली आहे आणि तिचं दार झोपणाऱ्यांच्या जिन्यावर उघडतं, म्हणून कोणतंही लावण्याआधी कौन्सिलची लेखी संमती घ्या. सगळ्या कौन्सिला देत नाहीत. माझं मत विचाराल तर आधी क्लोजर हलका आणि नीट जुळवा, दाराला काच द्या म्हणजे पलीकडचं माणूस दिसतं. निम्म्या घरांत तेवढ्याने भागतं.

रंधा

काच द्यायची तर काच बसवूनच आलेलं, तशीच चाचणी झालेलं दार मागवा. साइटवर फळीला भोक पाडून काच घालू नका, सर्टिफिकेट तिथेच संपतं.

काचेवरून एक अगदी महत्त्वाचं. व्हिक्टोरियन घरांत खोलीच्या दाराच्या वर काचेची आडवी झडप असते, जिन्यात उजेड यावा म्हणून. खाली नवं एफडी३०एस आणि वर साधी ३ मिमीची काच, असं हमखास दिसतं. ती काच आगीत काही मिनिटांत फुटते आणि सगळा धूर जिन्यात. तिथे एकतर फायर ग्लास त्याच्या बीडिंगसह, नाहीतर काच काढून दोन्ही बाजूंनी ३० मिनिटांचा बोर्ड. तिसरा_मजला, सातही दारांच्या वर पाहा.

लालबादली

आणि जुन्या दारांबद्दल एक इशारा. काही घरांत पॅनेलच्या दारांवर आतल्या बाजूने सपाट करडा बोर्ड खिळ्यांनी ठोकलेला असतो. त्या काळात दार असंच "फायरप्रूफ" करत. तो ॲसबेस्टॉसचा इन्सुलेटिंग बोर्ड असू शकतो. भोक पाडू नका, घासू नका, तोडू नका. नमुना तपासून घ्या. ॲसबेस्टॉसच निघाला तर तो काढणं बहुधा परवानाधारक कंत्राटदाराचंच काम.

क्रॉयडनकर

जुनी पॅनेलची दारं शोभेची असली तर ठेवायची इच्छा होते. पॅनेल बऱ्याचदा ६–१० मिमीच असतं. फुगणारा रंग किंवा कागद लावून त्यांना चढवता येतं, पण त्या पद्धतीचा चाचणी अहवाल तुमच्या दाराच्या जाडीला लागू होतो का ते पाहावं लागतं. लिस्टेड इमारत असेल तर हाच मार्ग, नाहीतर मेहनत आणि खर्च पाहता नवं दार बरं.

तिसरा_मजला

तपासणीसाठी दारं किती दिवसांनी पाहावीत? ११ मीटरच्या वरच्या इमारतींचा तिमाही नियम वाचला, तो घराला लागू आहे का?

लालबादली

नाही. २३ जानेवारी २०२३ पासूनचे ते फायर सेफ्टी नियम ११ मीटरहून उंच, फ्लॅटच्या इमारतींसाठी आहेत. तुमचं घर त्यात येत नाही. पण फायर रिस्क असेसमेंट (आगीच्या धोक्याचं मूल्यमापन) तुम्हालाही करावं लागतं, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ते पूर्ण लेखी हवं. त्यातच दारांच्या तपासणीचा काळ लिहा. तीन महिने ठीक, आणि भाडेकरू बदलला की त्या खोलीचं दार लगेच. सामान हलवताना ब्रश उखडतो आणि क्लोजरचा हात सुटतो, ते तेव्हाच दिसतं. रंगाऱ्यालाही सांगून ठेवा: सीलच्या ब्रशवर रंग लागला की तो कडक होतो आणि बदलावाच लागतो.

आणि ज्यांची घरं स्कॉटलंडमध्ये आहेत त्यांनी हा धागा जसाच्या तसा वापरू नये. तिथे तीन माणसांपासूनच लायसन्स लागतं आणि मानकंही वेगळी आहेत.

तिसरा_मजला

राहिलं जिन्याखालचं कपाट. सध्या त्यात व्हॅक्यूम क्लीनर, इस्त्रीचं टेबल, रंगाचे डबे आणि फ्यूजबोर्ड.

लालबादली

तुमच्या घरातली ही सगळ्यात वाईट जागा. बाहेर पडायचा एकच जिना आणि त्याच्या पोटात विजेचं बोर्ड आणि जळणारं सामान. रंगाचे डबे आजच काढा. जिन्याच्या खालच्या बाजूला आणि कपाटाच्या भिंतीला आतून ३० मिनिटांचा बोर्ड, सांधे भरून, तारा जिथून जातात ती भोकं फुगणाऱ्या सीलंटने बंद. दार एफडी३०. सामान ठेवायचं बंदच केलंत तर उत्तम.

वायरिंगताई

त्या दाराला कुलूप लावायचं की क्लोजर, हा पुढचा प्रश्न येईल. नेहमीचं उत्तर कुलूप आणि "बंद ठेवा" ची निळी पाटी. पण बोर्ड आत असेल तर ट्रिप झाल्यावर भाडेकरूंना तिथे पोचता आलं पाहिजे, नाहीतर रात्री सगळं घर अंधारात बसतं आणि मेणबत्त्या लागतात. म्हणून क्लोजर लावा आणि कपाट रिकामं ठेवा. बोर्ड जुना प्लॅस्टिकचा असेल तर पाच वर्षांचा ईआयसीआर (वायरिंगचा तपासणी अहवाल) करणाऱ्या इलेक्ट्रिशियनलाच विचारून धातूच्या पेटीचा बसवून घ्या. दारांच्या कामात भिंत उघडणारच आहे, डिटेक्टरच्या तारा त्याच वेळी ओढता येतील. क्रम असा ठेवा: आधी तारा, मग ३० मिनिटांचा बोर्ड, मग चौकटी, शेवटी दारं. उलट केलंत तर नव्या चौकटीशेजारी सीलंट फोडून तार घालावी लागते.

तिसरा_मजला

क्रम लिहून घेतला. दुसऱ्या सुताराला चौकटींची जाडी मोजायला बोलावतो. ३० मिमी भरल्या त्या ठेवायच्या, बाकीच्यांना तिसऱ्याचा दर. लॉफ्टच्या दोन दारांच्या वरच्या कडेचे फोटो शनिवारी इथे टाकतो, रंधाभाऊ, लेबल वाचायला मदत लागेल.

रंधा

टाका. बिजागऱ्यांच्या आणि लॅचच्या बाजूच्या फटीचेही टाका, नाणं लावून.